एकोणिसाव्या ओळीतली नळी

परतूरला, स्टेशनरोडवर, खाजामियाँच्या दुकानात
माझी बोअरची मोटर उघडी पडलीय,
तांब्याच्या तारांचं आतडं बाहेर.
"पानी खारा है साब, मोटर का क्या कसूर,"
म्हणत तो रबरी सील अंगठ्यानं दाबून बघतो.
लाईट गेलेली. तीनला येईल म्हणतात.

खारं पाणी
मी पहिल्यांदा समुद्रावर चाखलं नाही.
आमच्या मळ्यातली विहीरच मचूळ,
तुरीची डाळ तासन् तास टणक राहायची तिच्या पाण्यात.
म्हणून विशाखापट्टणमच्या गोदीत, तेविसाव्या वर्षी,
कंडेन्सरमधून परतणारं पाणी जिभेच्या टोकावर घेऊन
मी म्हणालो, "यात मीठ आहे,"
तेव्हा चीफ आधी हसला,
मग त्यानं सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले
आणि परीक्षानळी दुधाळ झाली.
"गाव कुठलं तुमचं?" त्यानं विचारलं.
मी सांगितलं. त्याला ते नकाशात कुठेच दिसलं नसणार.

शुक्रवारची रात्र होती.
सोमवारी पहाटे पाचला जहाज निघणार.
कुठे, ते आम्हा पोरांना कोण सांगतंय.

कंडेन्सर म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणारं भांडं.
आत दोन हजार एकशे चाळीस नळ्या,
नळ्यांतून समुद्र, नळ्यांबाहेरून वाफ,
एवढ्या जवळून दोघं जन्मभर जाणार
आणि भेटता कामा नये.
भेटले होते, कुठेतरी, टाचणीएवढ्या भोकातून.

गोदीचा फिटर अप्पलनायडू,
माझ्या बापाच्या वयाचा, लुंगीवर बॉयलर-सूट चढवून आलेला.
झाकण निघालं तसा शेवाळाचा वास,
शिंपल्यांचा चुरा, आणि एक जिवंत खेकडा.
खेकड्याला त्यानं डब्यात घालून वर पाठवलं,
"पाण्यात सोडा," म्हणाला. मग कामाला लागला.
खिशातून वाढदिवसाच्या केकवर लावतात
तसली बारीक गुलाबी मेणबत्ती काढली.

आत निर्वात खेचलेलं,
ज्योत एकेका नळीच्या तोंडाशी धरायची.
सरळ. सरळ. सरळ.
गळकी नळी आली की ज्योत मान आत घालते.
तिथे निमुळती पितळी खुंटी, हातोडीचे तीन ठोके,
आणि ती नळी मेली.
"श्वास धरा, तौरसाब," तो सारखा बजावायचा,
"तुमचा वारा वेगळा, तिचा वारा वेगळा."

रविवारी पहाटे साडेतीनपर्यंत तीन सापडल्या.
बनियन पिळून पुन्हा घालत होतो आम्ही.
तो चहाला वर गेला,
मेणबत्ती माझ्या हातात, एकोणिसावी ओळ.
ज्योत वाकली.

की मी श्वास सोडला होता?
पुन्हा धरून बघायची, एवढंच होतं.
पण पापण्यांवर मेण साचल्यागत झोप,
डोक्यावर कुणीतरी लोखंडी जिना धावत चढत होतं,
आणि मी खुंटी ठोकली.
तीन ठोके.

तो आला. खुंटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
वहीत लिहिलं, "चार." मी खाली सही केली.

जहाज वेळेवर निघालं.
थेंब टाकले, परीक्षानळी स्वच्छ राहिली
बाराव्या दिवसापर्यंत, पुढच्या बंदरापर्यंत.
म्हणजे कुणाचं काहीच बिघडलं नाही.
एक नळी, कदाचित धडधाकट,
माझ्या श्वासापायी बुजली एवढंच,
आणि ते जहाज भंगारात जाईस्तोवर
ती तशीच बुजलेली राहिली असणार.
अप्पलनायडूला पत्र लिहावं असं एकदा आलं मनात.
त्याचा पत्ता मी घेतलेलाच नव्हता.

खाजामियाँ आता काडी ओढतो, मेणबत्ती लावतो,
पांढरी, जाड, लोडशेडिंगची,
सीलच्या खाचेत भेग शोधायला जवळ नेतो.
ज्योत हलते.

"साब, क्या हुआ? सास कायकू रोके?"

काही नाही, म्हणतो मी,
तू बघ. नीट बघ.
दोनदा बघ.