पाकिटावरचे नाव

बेतेरोने हॅम्बुर्गच्या बंदरातून धाडलेल्या पाकिटात
बिया एकोणीस. नाव जर्मन,
चित्र दमट हवेने चिकटून फाटलेले.
तेकारेई बियांना काही विचारत नाही.

अंड्यांच्या ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याचा भुसा,
वर ओले फडके, तिच्याच जुन्या झग्याचे.
आमच्या तारावाला माती नाही.
पोवळ्याची वाळू आहे, तीही खारट.
माती असलीच तर टाकीतल्या माशांच्या पोटात,
आणि तीही पंप चालू असेल तोवर.

पाचव्या दिवशी अकरा कोंब.
दोन-दोन पाने, सगळी एका छापाची,
दवाखान्यातल्या पाळण्यांत पोरं जशी.
"कोबी," शेजारीण म्हणते. "मुळा," मी म्हणते.
"खरं पान येऊ दे," ती म्हणते,
आणि माशांचे पाणी अजून देत नाही:
कोवळ्या जिवाला जड जाते.

आठ तगली.
मुळांवरचा भुसा धुऊन
तिने ती तरंगत्या फळीच्या भोकांत बसवली.
पांढरा धागा पाण्यात उतरला, हलला;
एका तिलापियाने लगेच
ओढून पाहिला.

आता सात.
रात्री बेतेरोचा फोन: काय आलं?
"अजून सांगत नाहीये," ती म्हणाली,
आणि फोन पंपाजवळ धरला.