प्रति,

स्पेसबार दाबत दाबत पत्ता उजवीकडे नेऊ नये,
हे मी रोज कुणाला तरी सांगते.
रतिराम पौनीकरांच्या नातवानं तसाच नेला होता.
माझ्या मशीनवर उघडलं तर
घर नंबर एकीकडे, तांडापेठ भलतीकडे,
आणि नागपूरचा पिनकोड
खालच्या ओळीत एकटाच.

"काठ वाकडा झाला, बाई,"
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस म्हणाला.

तहसीलची जेवणाची सुट्टी. कूलर नुसताच खडखडत होता.
मी दोन खणांचं टेबल घातलं,
डावीकडे प्रति, उजवीकडे प्रेषक.
"प्रति कोण?"
"सेवकराम पौनीकर. भाऊ."
"पत्ता?"
त्यांनी चष्मा पुसला. मग बोट ठेवलं
उजव्या खणावर. "हाच."

मी कॉपी केला, डावीकडे पेस्ट केला,
पुढे 'वरचा माळा' एवढंच वाढवलं.
"मग पोस्टानं कायले पाठवता, काका?"
"जिना त्याच्या बाजूनं हाये."

टेबलाच्या रेघा काढल्या.
दोन्ही पत्ते जागचे हलले नाहीत.
ते वाकून स्क्रीनकडे बघत राहिले,
कापडात सुटलेला धागा शोधावा तसे.
"रेघ कुठं गेली?"
"आहे. छापून येत नाही."

प्रिंटचे दहा रुपये मोजून झाल्यावर,
दारातून परत आले.
"ते श्री. काढ वो त्याच्या नावाचं.
त्याले श्री. कधी म्हटलं नाही."

काढलं.
सेवकराम थोडा डावीकडे सरकला.
काठ सरळच राहिला.