चक्कीवरचा टीव्ही

सकाळी सातला राशिभविष्य. वृषभेला धनलाभ.
कौतिकाबाई ज्वारीचा डबा काट्यावर ठेवते,
"माही रास कोनती गा, देवमन?"
मी काटा पाहून सांगतो, "साडेतीन किलो."

दुपारी कालचीच मालिका, पुन्हा.
सासूचा चेहरा तीनदा जवळ येतो, वीज कडाडते.
मी पट्टा चढवतो. व्होल्टेज पडतं,
आणि या जुन्या डब्यातला दिवाणखाना,
झुंबर, जिना, सासू
सगळं चारी अंगांनी आक्रसून
आगपेटीएवढं होतं.
"थांबव न गा! थे काय म्हनते आइकू दे!"
थांबवतो. तर जाहिराती.
गोरं व्हायचं मलम, सिमेंट,
मग एक हसरं कुटुंब,
ज्यांच्या घरी पीठ पिशवीतून येतं.
त्या पिशवीकडे आम्ही सगळे
गप पाहत राहतो.

सातच्या बातम्यांत हवामान.
नकाशावर नागपूर एक टिंब,
त्याच्या बाजूला सोन्याच्या भावाची पट्टी,
आमचा पिंपळखुटा पट्टीखाली कुठंतरी.

लाइन येते रात्री दोनला.
साचलेलं दळण काढायला बसतो.
पडद्यावर एक माणूस ओरडून
कंबरेचा पट्टा विकतोय, पोट जाईल म्हणतो
तीस दिवसांत. माझाही पट्टा फिरतोय,
अकरा वर्षं झाली.

काचेवर पीठ बसतं ते बसतंच.
कौतिकाबाई रोज पदरानं पुसते,
पण सून उभी राहते तेवढाच कोपरा.
सासूचा राहू देते.
"पिकू दे," म्हणते, "तिचे बी केस."