तीनचं तापमान

प्रार्थना मला येते.
येते म्हणजे, हातखंडा आहे.
बाप्तिस्म्याची, साखरपुड्याची, नव्या रिक्षाची,
आमच्या मिरजेच्या मंडळीत कुणाचं काही निघालं
की पाळकसाहेब मागं वळून म्हणतात,
"रणभिसेबाई, आपण चालवा."
आणि मी चालवते.
दयाळू, कृपाळू, स्वर्गीय पित्यापासून सुटलेली गाडी
जंक्शनात न थांबता थेट आमेनला लागते.
बायका डोळे पुसतात.
मी एक डोळा किंचित उघडून बघते, कोण कोण पुसतंय.

आज उपासना साडेनवाला.
मी साडेसहालाच आले.
शमुवेलनं कुलूप काढलं, विचारलं काही नाही.
तिसरा बाक माझा, त्यावर माझी क्रोशाची उशीसुद्धा आहे.
तो सोडून शेवटच्या बाकावर बसले,
जिथं चुळबुळी पोरं आणि उशिरा येणारे जावई बसतात.
"हे दयाळू" म्हटलं,
आणि शब्द कवळीसारखे
तोंडातच सैल झाले.

बरं. मग सांगते.
एकोणीसशे ब्याऐंशी. मिशनचं इस्पितळ, मुलांचा वॉर्ड, रात्रपाळी.
खाट नंबर अकरा, तासगावकडची पोर, बेबीनंदा.
दर तासाला ताप बघायचा, तक्त्यावर मांडायचा.
एकला बघितला. दोनला बघितला.
तीनला मी औषधांच्या कपाटाला टेकून झोपले होते.
चारला दचकून उठले, तर
पोरीचे डोळे फिरलेले, दातखीळ.
डॉक्टर, बर्फ, सुई, धावपळ.
उजाडता उजाडता पोर वळली.
आणि कुणी तक्ता मागायच्या आत
मी तीनच्या रकान्यात ठिपका दिला.
शंभर पॉइंट दोन.
दोनच्या ठिपक्याला जोडला.
रेघ सरळ आली. हात थरथरला नाही.

जाताना तिची आई पदरात बेदाणे घेऊन आली.
"रातभर डोळ्याला डोळा न्हाई लावला बाईंनी,"
साऱ्या वॉर्डाला सांगत सुटली.
मी बेदाणे घेतले.
खाल्लेसुद्धा.

इथवर एक वेळ चाललं असतं.
पण मी त्याची साक्ष दिली, प्रभू.
याच देवळात उभी राहून,
मग महिला मंडळात,
एकदा कोल्हापूरच्या संमेलनात, माइकवर:
त्या रात्री प्रभूनं मला जागं ठेवलं.
त्या ठिपक्याखाली मी
तुझी सही केली.

चाळीस वर्षं तुझ्यासमोर येत राहिले
तशी, जसा राउंडच्या आधी वॉर्ड लावायचो आम्ही:
चादरींचे कोपरे ताणलेले, बेडपॅन पडद्यामागं,
रडकी पोरं गप्प.
तू यायचास. मी तक्ता हातात द्यायचे.
तू तो वाचायचास की माझ्याकडं बघायचास,
मला कसं कळणार?
माझी नजर खाली असायची.
खाली बघितलं की नम्र दिसतं.

तीनला मी झोपले होते.
मोठ्यानं म्हटलं.
रिकाम्या देवळात आवाज जास्त घुमतो.
"झोपले होते" मला दोनदा ऐकू आलं.

काही झालं नाही.
स्टेशनाकडं मालगाडी डबे जोडत होती,
एकामागून एक धडका.
वाटलं होतं हलकं वाटेल. हलकं नाही वाटलं.
नुकत्याच जन्मलेल्या पोराला पुसायला घेतात,
तसं वाटलं. थंडी, उघडेपण,
आणि मानेखाली कुणाचा तरी हात.

साडेनवाला पाळकसाहेब मागं वळतील.
तिसऱ्या बाकावर नुसती उशी असेल.
मग काय करायचं ते मला अजून माहीत नाही.

शमुवेल बादली घेऊन बाकांमधून आला.
ऐकलं असेल त्यानं? ऐकलं असणार.
"बाई, पाय उचला जरा."
उचलले.
सदुसष्ट वर्षांची मी, चपला हातात,
पाय अधांतरी धरून
बसून राहिले
फरशी वाळेपर्यंत.