ओळ चौदा, झाड सात

आमच्या घरी लाल कापडात बांधलेल्या एकोणचाळीस वह्या.
गावोगावच्या यजमानांची नावं, मोडीत:
बाप, त्याचा बाप, त्याचा चुलता,
कोण कुठल्या साली अस्थी घेऊन रामकुंडावर आला ते.
अनसूया आत्या आठ वर्षांची असताना
आजोबांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली,
"आईची आई कुठल्या पानावर?"
आजोबांनी टाक दौतीत बुडवला
आणि पुढचं नाव लिहिलं.

मोडी मात्र शिकवली. हात वळणदार होता तिचा.

पुण्याला शेतकी कॉलेजात वर्गात ती एकटीच मुलगी.
पेल्याच्या तोंडावर कांदा, पाण्याला जेमतेम टेकलेला,
सकाळी ठरल्या वेळी मुळाचं टोक कापायचं,
लाल रंगाच्या थेंबात, स्पिरिटच्या दिव्यावर शेकून
काचेखाली अंगठ्यानं दाबायचं.
"सोळा," मला सांगायची, "मोजून सोळा.
आठ एका घरचे, आठ दुसऱ्या घरचे.
कांद्याकडे हिशेब चोख असतो."

अठ्ठावन्न साली निफाडकडच्या केंद्रावर लागली.
पगार एकशे साठ, सायकल सरकारी, पुरुषी दांड्याची.
शनिवारी एस्टीतून उतरली
की तिच्याआधी वास घरात शिरे.
आमच्याकडे कांदेनवमी झाली की चार महिने
कांद्याचं नावसुद्धा नाही.
आजी तिला परसदारीच थांबवी, डोक्यावरून पाणी घ्यायला लावी.
वास जाई. बोटांचा लाल डाग जात नसे.
शेजारणी विचारत, मेंदी कुणाच्या लग्नाची?

फाल्गुनात डोंगळे फुलत.
आजोबांच्या जुन्या धोतरांच्या पिशव्या शिवून
ती एकेका गोंड्यावर चढवी, सुतळीनं बांधी.
गोदेकाठी मंत्र म्हणत भिजलेली ती धोतरं
तिकडे वाऱ्यावर कांद्याची राखण करत.

त्यातच एका सकाळी ओळ चौदा, झाड सात.
गोंडा भरगच्च, पण परागकोश पोकळ,
नखावर झटकले तरी काही उतरेना.
सखाहरीनं विळा काढला.
"बाई, वांझोटं हाय. उपटू?"
"नको. याला बाप होता येत नाही, एवढंच.
आई होईल."

अकरा हंगाम ती त्या झाडाच्या लेकींमागे होती.
पराग शेजारचा, बी हिचं,
आणि बियांतून उगवलेल्या पुन्हा तशाच, रिकाम्या हातांच्या.
काही बापांपुढे ते झाकलं जाई, नाहीसं होत नसे.
आईच्या पेशीतल्या रसातून उतरे.
खोट म्हटलेलं तिला आवडत नसे.
साहेबांनी अहवालात खोटच लिहिलं, खाली स्वतःची सही.

ती चौऱ्याऐंशीत निवृत्त झाली, एक्क्याण्णवला गेली.
पुढे केंद्राच्या भांडारात यादी निघाली:
हस्तलिखित वह्या सव्वीस. लिपी समजत नाही. निर्लेखित.

एक मला भद्रकालीत सापडली,
रद्दीवाल्याच्या तराजूखाली, उंची सारखी करायला घातलेली.
आठ रुपये.

उघडली, तर आमचीच पद्धत:
नाव, खाली रेघ, रेघेला फांद्या.
फक्त फांद्यांवर सगळ्या लेकी.
मधेच समासात, आज गारा, सतरा पिशव्या फाटल्या.
सखाहरीची पोर तापानं फणफणली, पाणी मी दिलं.
आणि शेवटच्या पानावर, कांद्याचं काहीच नाही,
अनसूया.
तिच्या वर सरस्वती, ही आजी.
तिच्या वर ठकू.
ठकूच्या वर भिमा, बहुधा सिन्नरची.
भिमाच्या वर एक रेघ,
रेघेच्या टोकाशी शाई थांबून फुगलेली.

मी ती चाळिसावी म्हणून लाल कापडात बांधली.
बायको म्हणते, वास येतो.
मला येत नाही, पण वाद घालत नाही.
चातुर्मासात ती वही ओसरीवरच्या कोनाड्यात असते.