कार्ड वाचता येत नाही

कॅमेऱ्याच्या पाठीवर एवढंच आलं:
कार्ड वाचता येत नाही.
बदला, किंवा फॉर्मॅट करा.
तिसरा मार्ग त्याला कुणी शिकवलेला नसावा.

बंद करून चालू केला.
बॅटरी काढली, शर्टाला पुसली, परत घातली.
बॅटरीचा काय संबंध, पण हातांना काहीतरी लागतं.
कार्डावर फुंकर मारली,
कडेची इवलीशी कडी वर-खाली केली.
कार्ड वाचता येत नाही.

आत चेंबूरच्या ठोसरांकडची हळद होती
आणि सकाळपासून ठोसरांचा तिसरा फोन.
"काम चालू आहे," म्हणालो.
खोटं नव्हतं.

बोरा बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावरच्या पोटमाळ्यात
मुफद्दलभाई बसतात.
भिंगाखाली कार्ड धरून, माझ्याकडे न बघता,
त्यांनी विचारलं:
फुटपाथवर घेतलंत? वर चौसष्ट छापतात, आत आठ असतात.
दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात घातलं होतं?
लाल दिवा लुकलुकत असताना ओढलंत?

पहिल्या दोनांना मी नाही म्हटलं.
तिसऱ्याला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.
ठोसर ओरडत होते ना,
अहो फोटोवाले, बसून घ्या, ताटं मोजून सांगितलीत.
"लाल असतो तेव्हा ते लिहीत असतं," मुफद्दलभाई म्हणाले.
"लिहिणाऱ्याच्या हाताखालून कागद ओढतात का?"

मग खणातून त्यांनी खोडरबर काढला,
शाळकरी, एका कोपऱ्यात काळा पडलेला,
आणि कार्डाच्या पाठीवरच्या सोनेरी पट्ट्या
हलक्या हाताने घासल्या, एकाच दिशेने.
खोडरबराने?
"त्याला थोडंच माहीत आहे आत काय आहे.
तो मळ काढतो."

कंप्युटरला कार्ड दिसलं. रिकामं.
"रिकामं नाही हो. अनुक्रमणिका फाटलीय, पानं आहेत.
फक्त आता यावर नवा एकही फोटो काढायचा नाही."
अडीच तास.
खालच्या झेरॉक्सचा उजेड
फळ्यांच्या फटीतून माझ्या चपलांवरून सरकत होता.

फोटो आले ते नावांशिवाय, नुसते आकडे.
नवरी हनुवटीपर्यंत, खाली राखाडी.
परात नाही, हळद नाही, पाच बायकांची कपाळं.
फोटो वरून खाली लिहिला जातो म्हणे,
म्हणून चेहरे तेवढे आधी येतात.

आणि मधेच, भांडुपचा एक हॉल,
एकावर एक रचलेल्या खुर्च्या,
हेमलता हनुवटीखाली पांढरा कागद धरून उभी,
मला पांढरा रंग नीट बसवता यावा म्हणून.
तेव्हा ती प्रत्येक ऑर्डरला यायची, खांद्यावर स्टँड घेऊन.
जीभ बाहेर काढलीय.
मी तो तिथेच पुसला होता. कामाचा नव्हता.
अख्खा आलाय. एक ठिपका गेलेला नाही.

"या ठोसरांकडच्या?"
"नाही."
"मग उडवू?"
"राहू द्या."

ठोसरांना फोन लावला, सगळं सांगितलं.
ते बराच वेळ बोललेच नाहीत.
मग म्हणाले, "निळ्या साडीत माझी बहीण होती. ती आलीय का?
तिचं परत येणं काही खरं नाही."
तीनशे सत्त्याऐंशी नंबरला निळी साडी सापडली,
म्हणजे निळा खांदा, आणि वर
कुणाकडे तरी बघून हसणारं तोंड.
"आलीय," म्हटलं.
"बास मग," ते म्हणाले, आणि तरीही
पैसे कापणार हेही सांगून टाकलं.

"हे आता लग्नाला नेऊ नका,"
मुफद्दलभाईंनी कार्ड कागदात गुंडाळून दिलं.

घरी आलो तर हेमलता रात्रपाळीला गेलेली.
डबा झाकून ठेवला होता.
कार्डाची कडी मी खाली ओढली,
आता त्यावर कुणालाच काही लिहिता येणार नाही,
आणि ते गॅसच्या पुस्तकात ठेवलं,
जे ती महिन्यातून एकदा उघडते.