बहात्तर

नऊ हजार वर्षांच्या खोलीत
प्रकाशमापक घेऊन मी उकिडवी बसलेय.
कोन्याचं पठार, सकाळचे दहा चाळीस.
छताच्या जागी आम्ही काळं कापड ताणलंय,
शिडी उतरायची तिथे एक भोक.
बाहेर वारा कापडाची गचांडी धरतो
आणि माझा आकडा हलतो.

प्रबंधाच्या नावात 'स्वास्थ्य' दोनदा आलंय.
नुरेत्तिन सर म्हणाले, एकदा पुरे.

भिंतीची ढलपी निघालीय तिथे
भिंगातून मोजते: चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा,
पांढरा, काळा, पांढरा...
एकाहत्तर.
एकाहत्तर वेळा कुणीतरी
हिवाळाभर धूर गिळून
उन्हं आल्यावर म्हणालं असेल,
चला, पोतारून घेऊ.
ओट्याखाली गुडघे पोटाशी घेऊन
त्यांचंच एक माणूस पुरलेलं.
त्याच्यावरूनही हात फिरलाय, तितकाच सावकाश.

दुपारी राखणदाराची बायको, दोन्दू मावशी,
आयरानची बरणी घेऊन उतरते.
मी प्रश्नावली पुढे करते:
या जागेत कसं वाटतं? एक ते पाच.
ती स्वतःची पाच बोटं बघते, मिटते.
"रडायचं झालं तर ती कुठे बसत असेल गं?"
आणि स्वतःच शोधत जाते
शिडीमागे, चुलीच्या अंगाला.
"इथं. पाठीला भिंत. रडूनही होतं
आणि भाकरीही करपत नाही."

तिच्या गुडघ्याशी मापक धरते.
अकरा.
शिफारशींच्या तक्त्यात
अकराला कुठेच जागा नाही.

बाबा होते त्या अंकाराच्या वॉर्डात पाचशे होता,
अगदी नियमानुसार.
त्या इमारतीला बक्षीस आहे, दुसऱ्या वर्षी
आम्ही तिचा नकाशा गिरवला होता.
आई रडायला लिफ्टजवळ जायची.
दार दर मिनिटाला उघडायचं,
आणि ती दर मिनिटाला
पर्समध्ये काहीतरी शोधायची.

"भिंत सुटलीय तुमची," मावशी म्हणते,
बरणीवरचं पाणी अंगठ्याला लावते
आणि सुटलेली कड दाबून
हलकेच सारखी करते.

थांबवायला हवं होतं.
उत्खननाचा पहिला नियम आहे तो.

वहीत एकाहत्तर खोडते.
संध्याकाळी सरांना सांगेन. ओरडतील.